शेटजींच्या खुनाचे मालक

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यांच्याइतका निरुपद्रवी आणि त्यांच्याइतका खुनात बुडालेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा झाला नाही. घरात पाल दिसली की आत्याला हाक मारून हे गृहस्थ परसात जाऊन उभे राहत. पण मुडदा, जबानी, पंचनामा हे शब्द कुणी काढले की त्यांच्या तोंडाला पाणी सुटे. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली. पेन्शनीत निघाल्यावर लोक पोथ्या उघडतात, आतोबांनी शेटजींचा खून उघडला.

हा खून तेव्हाच तिसेक वर्षं जुना. मुंबईचे एक कापडवाले शेटजी जयगडहून मचव्यात बसून रत्नागिरीस यायला निघाले, ते आलेच नाहीत. मचवा आला, तो हाकणारा तांडेल आला, शेटजींचा पानाचा डबा आला. ‘लाटेसरशी तोल जाऊन पडले,’ असं तांडेल सांगत होता. पाचव्या दिवशी मुडदा लागला तो पार दक्षिणेला, पूर्णगडच्या किनाऱ्यावर, आणि तांडेल नेमका पूर्णगडचा. लोकांना तेवढं पुरलं. कोर्टानं त्याला पुराव्याअभावी सोडलं, लोकांनी सोडलं नाही. पुढे सगळं विसरायला झालं होतं. पण मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागे मुंबईच्या एका साप्ताहिकानं जुनी न उकललेली गूढं छापायला घेतली आणि शेटजी पुन्हा वर आले. आगबोटीच्या दिवशी अंकासाठी बंदरावर ही झुंबड. न्हावी हजामत अर्धी टाकून वाद घाली आणि गिऱ्हाईकही अर्ध्या दाढीनिशी त्याला उलट जबाब देई.

आतोबांचं तर बूड जमिनीला टेकेना. जेवता जेवता खरकट्या हातानं उठून ते ओटी पावलांनी मोजत, कारण मचव्याची लांबी तेवढीच होती म्हणे. आत्याला खांबाशी बसवून म्हणत, “तू शेटजी. आता कलंड.” “आमटी उतू जाईल हो,” असं म्हणत ती माउली कलंडे आणि तशीच उठून आमटी बघायला जाई. एका मुंजीत, भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना, आतोबांनी त्यांना कानाशी लागून विचारलं, “तुम्ही डावरे का हो?” कारण खुनी डावरा असावा, हा त्या आठवड्याचा तर्क. भटजींचा सूर त्यानंतर लागलाच नाही. रस्त्यानं चालताना मध्येच थबकायचं, छत्रीचं टोक वाळूत खुपसायचं, मान हलवायची आणि आल्या वाटेनं परत जायचं, हे तर रोजचंच झालं.

अखेर त्यांनी साप्ताहिकाला पत्र लिहिलं. ‘एक माहितगार’ या सहीखाली ते छापून आलं. खुनी दुसरातिसरा कोणी नसून ‘पूर्णगडचा एक वृद्ध दर्यावर्दी’ होय, असं त्यात ठासून म्हटलं होतं. मीच तो अंक आळीत मोठ्यानं वाचून दाखवला. चांगला तीनदा वाचला, आणि माहितगार कोण तेही दरवेळी सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात तांडेलाचा मुलगा ओटीखाली येऊन उभा राहिला. वर ये म्हटलं तरी येईना. “माज्या लेकीचा लगीन जयगडात ठरला हुता,” तो खाली बघत म्हणाला, “काल निरोप आला, नको म्हून. पेपरात बापाचा नाव नाय, पन पूर्णगडात म्हातारा तांडेल येकच हाय.” एवढं सांगून तो गेला. आतोबा दुपारभर मागीलदारी येरझाऱ्या घालत होते. आत्यानं नेलेला चहा निवून गेला.

मग ते जे निघाले ते थेट माळ्यावर. कोर्टाच्या कागदात खुनाची तारीख इंग्रजी होती. तिच्यावरून त्या दिवशीची भरती-ओहोटी कुणाला कळणार? आतोबांनी जुनं पंचांग काढून तिथी शोधली. तोच महिना, तीच तिथी येईपर्यंत त्यांनी कशीबशी कळ काढली. मग एका गोणत्यात नारळाची सोडणं आणि धोंडे भरले, त्यावर आपला कोर्टात घालायचा कोट चढवला आणि जयगडच्या खाडीच्या तोंडाशी, सुटत्या ओहोटीवर, माझ्यादेखत ते बोचकं पाण्यात सोडलं. नंतर आम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेकडे, गावोगाव विचारत निघालो. पाचव्या दिवशी पूर्णगडला पोचलो तर वाळूत गर्दी, आणि पोलीस पाटील गंभीरपणे लिहून घेतायत, ‘अंगात काळा कोट, डोके नाही.’ आतोबांनी त्या पंचनाम्यावर आनंदानं पंच म्हणून सही केली.

म्हणजे तांडेल खरं बोलत होता. शेटजी पडले जयगडलाच, पूर्णगडला आणलं ते पाण्यानं. आतोबांनी सगळं सविस्तर लिहून साप्ताहिकाला धाडलं. उलट टपाली उत्तर आलं, की खुनी कोण यावर वाचक तुटून पडतात. खूनच झाला नाही असं छापलं तर लेखमाला बंद करावी लागेल, तेव्हा क्षमा असावी.

ते पत्र फाडून आतोबा जयगडला गेले. मुलाकडच्या मंडळींना आणि सगळ्या गावकीला त्यांनी देवळात बोलावलं, पंचनामा वाचला आणि गुरवाला बाजूला सारून देवाला स्वतः गाऱ्हाणं घातलं. “देवा महाराजा, त्या माहितगाराला काडीची माहिती नव्हती. तो माहितगार मीच. माझ्या शाईपायी ह्या पोरीचं लग्न मोडू नको.” गुरवानं देवाला पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी पाकळी, म्हणजे देवाचा होकार, पडायला इतका वेळ लागला की मला घाम फुटला. पण पडली, आणि लग्न जमलं.

लग्नाला आम्ही गेलो. तांडेल मांडवात कोपऱ्यात बसला होता. आतोबा त्याच्या शेजारी जाऊन बसले. इतकी वर्षं ह्या माणसानं साऱ्या मुलखाला प्रश्न विचारले, तांडेलाला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. “नेमकं काय झालं होतं हो?”

“ह्या इचारणारे तुमी पयले,” म्हातारा म्हणाला. “कोर्टात इचारलानी, तू मारलंस काय. मी उडी टाकली हुती पान्यात. शेटजींचा हात गावला हुता माज्या हातात. वल्ला हात, सुटला.” मग आपल्या तळव्याकडे बघत तो म्हणाला, “अजून गावतो सपनात. नि अजून सुटतो.”

आज ते दोघंही नाहीत. त्या दिवशी म्हाताऱ्याचा तो हात आतोबांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि पंगतीची पानं मांडून होईपर्यंत धरून ठेवला.