टेकडीवरच्या पापड्या

स्की जंपिंगच्या टेकडीवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालू नयेत, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलगा न्यूझीलंडमध्ये डोंगरातल्या एका लहानशा गावात राहतो. घरामागेच ती टेकडी. सून सुजाता त्या दिवशी गावकऱ्यांना टेकडीचा इतिहास सांगणार होती. रस्त्यात सगळे तिला ‘किआ ओरा’ म्हणून नमस्कार करत, पण चहाला कुणी बोलावत नसे. आज तरी ओळखी वाढतील, अशी तिला आशा.

"आई, माझं हसं करू नका हं. कुठंतरी नीट बसून राहा."

"मी काय नाचणार आहे?"

अंगणात सावली. टेकडीच्या माथ्यावर मात्र लखलखीत ऊन! उताराच्या कडेची सपाटी बघून मी तेल लावलेला प्लास्टिकचा कागद अंथरला आणि पळीपळीनं पापड्या घातल्या. वारा कागद उचलायला लागला, तशी मी त्यावर बसले. (आमच्याकडे असंच बसतात. फक्त तिथं गच्ची असते, आणि गच्चीला कठडा!)

खाली सुजाता रंगात आली होती. तिचं भाषण मला पाठ होतं, आठवडाभर तिनं ते माझ्यासमोरच घोकलेलं. आधी लोकांनी उड्या मारायला फावड्यानं बर्फ रचून उंचवटा केला. मग लाकडी बांधला, तो वादळात पडला. मग आणखी मोठा बांधला! (पडलं की माणसाला चेव येतो.) पुढे बर्फच कमी झाला, उरलं गवत. आता इथून कुणी उतरत नाही...

आणि मी निघाले!

कागद, मी, लुगडं, सगळं एकदम उतारावरून खाली. ओल्या पापड्या भराभर उडाल्या. एक पुढेच उभ्या असलेल्या, गावातल्या बिलआजोबांच्या टोपीवर चिकटली. मी त्यांच्या बुटांशी थांबले. सुजाताचा चेहरा पापडीसारखा पांढरा!

बिलआजोबा तरुणपणी इथूनच उड्या मारायचे. त्यांनी मला उठवलं, काहीतरी म्हणाले.

"आई, ते म्हणतात, गुडघे वाकवायला हवे होते."

"सांग त्यांना, वाकत नाहीत म्हणून तर बसून आले!"

सुजातानं सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले. शेवटी तीसुद्धा. बिलआजोबांच्या बायकोनं तिला तिथंच चहाला बोलावलं. मलाही, पण लुगडं बदलून!

आता सुजाता भाषणाच्या शेवटी सांगते, "इथली शेवटची उडी माझ्या सासूबाईंची." ती शिकलेली, मी चौथी पास, मी कशाला चुका काढू? पण उड्या मारल्या त्या पापड्यांनी. मी सुनेनं सांगितल्याप्रमाणे नीट बसून होते!