कोणी केलं ते आधी

"आधी कोणी ते सांगा," असं म्हणून माझे सहकारी टेबलावर बोटाने एकदा टकटक करायचे. समोर एखादा अर्जदार उभा असायचा, नाव कमी झालं, जमीन गेली, असं सांगत. रत्नागिरीच्या आमच्या कचेरीत, जुन्या कागदांच्या खोलीत, ते आणि मी एकोणीस वर्षं समोरासमोर बसलो.

मराठीत करणारा सहज लपतो, ही त्यांची तक्रार. म्हणून त्यांनी स्वतःची भाषा रचली. तिच्यात प्रत्येक नावाआधी एक छोटा शब्द यायचा. करणाऱ्याआधी 'ता', ज्याला मिळतं त्याच्याआधी 'लू', जे दिलं त्याच्याआधी 'बी'. मग शब्द कसेही फिरवा, कोणी कोणाला काय दिलं ते हरवत नाही.

कचेरीत थट्टा व्हायची. "काय ओ, परग्रहावर बदली मागितलीत काय?"

"अर्ज केलाय. शिफारस कोण करील?" ते म्हणायचे.

शिकलो फक्त मी, तेही अर्धंमुर्धं. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याचं वेड आपण जेवणाच्या सुट्टीपुरतं ऐकून घेतो. मला वाटे, वेळ आहे.

आजारपणात त्यांना मांडवीच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा आवाज पार खोल गेला होता. ती भाषा दुसऱ्या कुणाच्या तोंडून चार माणसांत कधी ऐकू आली नाही, एवढीच खंत त्यांनी सांगितली. "एक वाक्य बोला. मी असताना नाही जमलं तर मागाहून."

मी मान डोलावली. तिथेच बोलायला हवं होतं. चार माणसं नव्हती, ही माझी सबब.

ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या शोकसभेच्या, दिवशी वंदना झाली आणि लोक उठून त्यांच्याविषयी दोन शब्द बोलू लागले. त्यांच्या वहीतलं पहिलं वाक्य मी पाठ करून गेलो होतो. उभा राहिलो आणि म्हणालो, "ता ओमा, लू सी, बी हारु तेन."

पुढे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना ती पाली गाथा वाटली असावी. त्यांनी हात जोडले, आणि पाठोपाठ सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, साधु, साधु, साधु. वहिनींनीही, म्हणजे माझ्या सहकाऱ्यांच्या पत्नीनेही. मी काही न सांगता खाली बसलो.

माणसं पांगल्यावर वहिनींनी विचारलं, "भाऊजी, ती कुठची गाथा? मी कधी ऐकली नाय."

गाथा नाही, त्यांच्या भाषेतलं वाक्य, मी सांगितलं. तिने मला पेज दिली, एवढाच अर्थ. "ओमा म्हणजे तुम्ही. वहीभर करणारीच्या जागी तुम्हीच आहात."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मला वाटायचं, मला कळू नये म्हणून तसं लिहितात."

मग खुर्ची ओढून समोर बसल्या. "परत बोला. सावकाश."

मी एकेक शब्द सुटा करून बोललो. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. ओठ तेवढे हलले.