मामांच्या गाडीला बांधलेली दुर्बीण

आकाशाचा फोटो काढायला बैलगाडी लागते, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मला ते स्वानुभवाने कळलं, आणि तेव्हापासून मी जो दमलोय तो दमलोयच.

लढाई नुकतीच संपली होती. नगरच्या छावणीत लष्करी सामानाचा लिलाव निघाला, तेव्हा राहात्याहून आम्ही बरेच जण गेलो. शहाण्या माणसांनी ताडपत्र्या घेतल्या, ब्लँकेटं घेतली, पाण्याची पिंपं घेतली. मी पडलो शाळेत शास्त्र शिकवणारा मास्तर. मी पितळी दुर्बीण घेतली! घरी आणल्यावर बायकोने, म्हणजे इंदूने, तिच्यातून आधी छपराकडे पाहिलं, मग दुर्बीण उलटी धरून माझ्याकडे पाहिलं.

"आता बरोबर दिसता," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला निघून गेली.

त्या माघात मला मृग नक्षत्रातला तेजोमेघ दिसला. तीन चांदण्यांचा जो बाण असतो ना, त्याच्या जरा खाली बोटभर धुकं दिसतं. प्रत्यक्षात तो अफाट मोठा वायूचा ढग. मी धावत जाऊन इंदूला बोलावलं. तिने डोळा लावला आणि पदराचं टोक पुढे केलं.

"काच पुसून घ्या. डाग पडलाय."

"अगं, तो डाग नव्हे! तेजोमेघ आहे!"

"बरं. मग तेजोमेघ पुसून घ्या."

तिथेच मी ठरवलं, की याचा फोटो काढायचा, मोठा करायचा आणि शाळेच्या भिंतीवर लावायचा. डाग कोण आणि तेजोमेघ कोण, याचा एकदाचा निकाल लागेल! फोटोची मला काडीची माहिती नव्हती, पण त्यासाठी बाजारपेठेत गुलाबभाई होते. त्यांचं फोटोचं दुकान. त्यांनी एक जुना कॅमेरा उसना दिला आणि एक लाकडी चौकट दिली. चौकटीच्या दोन बाजूंना दोन काचेच्या प्लेटा, प्रत्येकीवर सरकतं झाकण.

"दोनच देतो, मास्तर," गुलाबभाई म्हणाले. "लढाईपासून माल येत नाही. पुढचा कधी येईल ते अल्लालाच ठाऊक."

दोन प्लेटा आहेत हे कळताच इंदूने जाहीर केलं, "एक माझ्या आबांची."

आता हे आबा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणत असे. दोन कोसांवरच्या खेड्यात त्यांची शेती. साठी उलटली तरी त्यांचा एकही फोटो नव्हता. त्यांच्या थोरल्या भावाने हौसेने फोटो काढून घेतला आणि त्याच महिन्यात तो वारला, तेव्हापासून मामा कॅमेरा दिसला की गोठ्यात जाऊन बसत. इंदूची आई तिच्या लहानपणीच गेलेली, तिचा फोटो नाही, चेहराही इंदूला नीट आठवत नाही. आबांचं तरी तसं होऊ नये, असं इंदूला फार वाटे. लग्नापासून ती त्यांच्या मागे लागली होती. शेवटी तिने कुठल्याही पोथीत नसलेलं शास्त्र काढलं.

"आबा, परक्याने फोटो काढला तर आयुष्य कमी होतं. जावयाने काढला तर वाढतं!"

मामांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "ह्यांनी काडल्यावर?"

"व्हय," इंदू माहेरच्या बोलीत म्हणाली, आणि मामा हरले.

ठरल्या दिवशी मामा गाडी जुंपून आले. बरोबर वांगी, बाजरी आणि मरणाला निघालेल्या माणसाचा चेहरा. मी अंगणात काळी घोंगडी टांगली आणि त्यांना पुढे बसवलं. काळा कोट, पांढरा फेटा. मी झाकण सरकवलं, मामांनी श्वास रोखला, मी झाकण लावलं.

"झालं, मामा."

मामांनी स्वतःची नाडी चाचपली. "हाय की अजून जित्ता!" ते म्हणाले आणि दोन कप चहा प्याले.

इंदूने मात्र चौकटीच्या त्या बाजूला कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. "इकडे आबा आहेत. इकडे हात लावायचा नाही. आबा काही पुन्हा बसायचे नाहीत!"

"मी काय लहान आहे का?" मी म्हणालो. (हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हणालो, तेव्हा तेव्हा पुढे काहीतरी झालेलं आहे.)

दुसरी प्लेट तेजोमेघाची. पण त्यात एक अडचण होती. फोटो उमटायला अर्धा तास प्लेट उघडी ठेवायची, आणि तेवढ्यात आकाश सरकतं. म्हणजे दुर्बीणही आकाशाबरोबर सरकायला हवी, ध्रुवाकडे रोख धरलेल्या आसाभोवती. असा आस कुठून आणायचा, या विवंचनेत मी होतो, आणि समोर मामांची गाडी उभी होती. आस आहे, चाक आहे, वंगणही ताजं आहे!

दिवेलागणीला मामा परत निघण्यासाठी बाहेर आले, तर बैल सोडलेले, गाडी आडवी वळवलेली, उत्तरेकडची बाजू दगडांवर उचललेली, चाक अधांतरी, आणि चाकाच्या एका आऱ्याला सुंभाने करकचून बांधलेली दुर्बीण.

"जावईबापू," मामा सावकाश म्हणाले, "माजी गाडी मेली का?"

मी त्यांना सगळं समजावलं. त्यांना काही कळलं नाही, पण जावयाला नाही म्हणायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. (याचा फायदा मी नेहमीच घेतला.) मी दुर्बिणीशेजारी बांधलेल्या नळीतून चांदणीवर नजर ठेवणार आणि मामा चाक फिरवणार, असं ठरलं.

"इतकं हळू, मामा, की फिरतंय हे चाकालाही कळू नये."

"मंग फिरवायचं कशापायी?"

घरातले दिवे मालवले. चौकट दुर्बिणीला लावण्याआधी मी ती अंधारात, धोतराच्या सोग्याने, दोन्ही बाजूंनी लख्ख पुसली. आकाशाच्या कामात धुळीचा कणही चालत नाही! मग बाजू चाचपून बसवली, झाकण सरकवलं, आणि मामांनी धुरा उचलावी तशा गांभीर्याने चाकाला हात लावला.

इतक्यात शेजारचे तात्या कंदील घेऊन आले.

"आस मोडला काय हो?"

"कंदील!" मी ओरडलो. इंदूने धावत येऊन कंदिलावर शेणाची पाटी पालथी घातली. तात्यांचं पुढचं सगळं बोलणं अंधारातून आलं.

"मग गाडी का उचललीय?"

"चांदन्यांचा फोटू काडत्यात," मामा म्हणाले.

"गाडीनं?"

"ते मला इचारू नका. मी निस्ता चाकाला हाय."

तात्या घरून पहार घेऊन आले, आम्ही नको नको म्हणत असताना दोनदा आसाखाली घालून पाहिली, आणि "काही लागलं तर हाक मारा" म्हणून गेले. एका बैलाने तेवढ्यात वांग्यांची टोपली संपवली. माझी मान वाकडी झाली. मामांचे हात भरून आले, पण चाक त्यांनी सोडलं नाही. अर्धा तास! त्या रात्री मामा आमच्याकडेच राहिले आणि झोपेतही त्यांचा उजवा हात हळूहळू फिरत होता.

सकाळी धुणं धुताना इंदूने विचारलं, "धोतराला कुंकू कुठून लागलं हो?"

"पूजा करताना लागलं असेल," मी म्हणालो. मी पूजा करत नाही, हे तिला लग्नापासून माहीत होतं. तिने धोतराला पुन्हा साबण लावला, आणि माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही.

आठवड्याने आम्ही दोघं गुलाबभाईंच्या दुकानात गेलो.

"एक प्लेट कोरी निघाली, मास्तर," गुलाबभाई म्हणाले. "पण मामासाहेब आलेत! फक्त काम फार पडलं. त्यांना लहानपणी देवी जोरात आल्या होत्या वाटतं?"

"आबांना? कधीच नाही!" इंदू म्हणाली.

"असं कसं? तोंडभर पांढरे वण. कोटावरसुद्धा ठिपके!"

"कोटावर देवी?" मी विचारलं.

"ती धूळ असणार. दोन दिवस सुई घेऊन बसलो. एक ठिपका ठेवला नाही!"

इंदूने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या धोतराच्या सोग्याकडे पाहिलं. अंधारात टिळा मीच पुसला होता, मृग नक्षत्र मी मामांच्या तोंडावर काढलं होतं आणि गुलाबभाईंनी ते चांदणीगणिक खरवडून काढलं होतं! "आणि तो... ढगासारखा डाग?" मी कसंबसं विचारलं.

"डाग कसला? फेट्याचा तुरा तो. हलल्यामुळे धुरकट आला होता, मी त्याला छान कडा दिल्या."

आणि त्यांनी फोटो पुढे केला. घोंगडीच्या काळोखावर मामा बसले होते. चेहरा नितळ, डोळे जरा घाबरलेले, आणि फेट्यावर पंख्यासारखा फुललेला, पांढराशुभ्र तुरा. मामांनी जन्मात तुरा काढला नव्हता. मी तोंड उघडलं, पण इंदूने माझा पाय दाबला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"किती छान आलेत हो आबा," ती म्हणाली.

मला इतकं हायसं वाटलं की मी तेजोमेघाचं नावही काढलं नाही. एवढ्या घोळातून आबा वाचले होते, हेच पुष्कळ होतं.

मामांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "तुरा कवा काडला हुता म्या?"

"काढला होता, आबा. तुम्ही विसरलात."

फोटोत आहे म्हणजे असणारच, असं म्हणून मामा त्या दिवसापासून फेट्याला तुरा काढायला लागले. वर त्यांचा जुना खोकला थांबला! मग काय, जावयाने फोटो काढला की आवुक्ष वाढतं, ही बातमी दोन कोसांतल्या सगळ्या म्हाताऱ्यांपर्यंत गेली. गुलाबभाईंकडे प्लेटा यायला लागल्या तसे दर बाजारच्या दिवशी आमच्या अंगणात फेटेवाले ओळीने बसू लागले. दुर्बीण माळ्यावर गेली. इंदू चहा करून दमली, मी झाकणं सरकवून दमलो.

परवाही एक आजोबा आले. आपला फोटो हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला आणि नाराजीने म्हणाले, "मास्तर, मामांच्यावानी तुरा न्हाई आला की!"

"तो माघातच येतो, आजोबा," मी म्हणालो. "तेव्हा या. आणि येताना गाडी घेऊन या."