तिसरा टांगा

वाशिमच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकून मला अर्धा तासही झाला नव्हता, आणि माझ्यापायी एका माणसाचा डोळा गेला. नशिबाला बोल लावायची सोय नाही. सगळं मीच केलं.

युद्धाचे दिवस होते. मी साताऱ्याकडचा, वऱ्हाड कधी पाहिलेलं नाही. धाकटी बहीण शिरपूरला दिलेली. बाळंतपणानंतर तिचा ताप उतरत नव्हता आणि मेहुण्यांची तार आली होती, असाल तसे या. शिरपूरला दिवसातून एकच मोटार जायची, गावातल्या अड्ड्यावरून, बारा वाजता. आमची गाडी वाशिमला लागली तेव्हा पावणेबारा झाले होते.

बाहेर टांगे ओळीनं उभे होते. पहिला एका म्हाताऱ्याचा. त्याच्या घोडीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. मी दोन टांगे ओलांडून तिसऱ्याकडे गेलो. घोडा तरणा, हाकणाराही तरणा. ट्रंक आत फेकली आणि चढून बसलो.

“नंबर माहा नाही जी,” तो म्हणाला. “पुढच्या बुढ्याचा हाय. त्याले इचारा.”

“माझी बहीण मरायला टेकलीय. कुणाकुणाला विचारत बसू?”

“इचारा तं खरं. मले असं जाता येत नाही.”

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर, तेव्हाही आणि आजही. हा कोण टांगेवाला मला कायदा शिकवणारा, एवढंच डोक्यात आलं. मी त्याच्या हातातला चाबूक हिसकला आणि घोड्याच्या पाठीवर दोन फटके ओढले. घोडा उधळला. टांगा ओळीतून बाहेर फेकला गेला आणि चाक म्हाताऱ्याच्या घोडीचा पाय सोलून गेलं. घोडी किंचाळली. तोवर पाच-सहा टांगेवाल्यांनी धावत येऊन घोड्याचं तोंड धरलं.

माझ्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. उतारूला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. मार खायचा तो हाकणाऱ्यानं. त्यांनी त्याला खाली ओढलं, लाथांनी तुडवलं. “म्या नाही हाकलला!” तो ओरडत होता, पण ऐकतंय कोण? म्हातारा सगळ्यांना सारून पुढे आला, आपला चाबूक उलटा धरला आणि दांडीनं मारत सुटला. खांद्यावर, डोक्यावर, मग तोंडावर. एक टोला डोळ्यावर बसला. तो माणूस तोंड दोन्ही हातांनी झाकून मातीत लोळला आणि बोटांमधून रक्त गळत राहिलं. डोळा कायमचा गेल्याचं मला परतीच्या वेळी कळलं.

त्याचा चाबूक अजून माझ्या मुठीत होता. घोडा मी हाणला, एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? मी गप्प बसलो. मी घाबरलो होतो, आणि मला मोटारही चुकवायची नव्हती.

म्हाताऱ्यानं माझी ट्रंक उचलून आपल्या टांग्यात ठेवली. “चला,” म्हणाला. घोडी लंगडत निघाली. वाटेत त्यानं विचारलं, “येवढी काय घाई व्हती?”

मी बहिणीचं सांगितलं.

“मंग मले काहून नाही इचारलं जी? ज्याचा नंबर त्यानं सोडला, तं कोनीबी जाते. मी म्हनलं असतं, जाय लेका, घेऊन जाय.” त्यानं मागं वळून स्टेशनाकडे पाहिलं. “थो भाचा हाय माहा. बहिनीचा एकुलता. घरच्याले सोडलं तं बाकीचे कायले आयकतीन? म्हून सगळ्याइपेक्षा जास्त मीच मारलं. आता बहिनीच्या दारात कोन्या तोंडानं जाऊ?”

तेव्हाही मी बोललो नाही.

मोटार अड्ड्यावरच उभी होती. पेट्रोल मिळत नसल्यानं ती कोळशाच्या गॅसवर चालायची. भट्टी तापली नव्हती, उतारू भरले नव्हते. दीड वाजता ती हलली. रोजची हीच वेळ, म्हणे. बारा नुसतं सांगायला.

बहीण शुद्धीवर होती. पुढे चांगली खडखडीत बरीही झाली. मला पाहून रडली आणि माझा हात धरून म्हणाली, “दादा, एवढ्या लांबून आलास. वाटेत फार हाल झाले का रे?”

“छे,” मी म्हणालो. “उतरल्या उतरल्या टांगा मिळाला.”