बिनदेठाची दोन पोती

आमच्या घरातून साहेबांच्या सरकारी बंगल्यावर आजवर एकच माणूस मानानं गेलं, आणि त्या माणसाचा मान मी घालवला.

ते माणूस म्हणजे माझी बायको सुनंदा. पिंपळगाव रेणुकाईच्या देवळात नवरात्राची फुलांची आरास एकवीस वर्षं तीच करते. मागच्या नवरात्रात जालन्याहून मोठ्या साहेबांच्या बाईसाहेब दर्शनाला आल्या, आरास बघून थबकल्या, आणि आठ दिवसांत निरोप आला : बंगल्यावर बडे पाहुणे येणार, दिवाणखाना सुनंदाताईंनीच सजवावा. तिला कुणी नावानिशी बोलावण्याची ही पहिलीच वेळ. (देवळाच्या पत्रिकेत 'सजावट : समस्त ग्रामस्थ' असं छापतात.)

"फुलं तेवढी तुम्ही तोडा," ती म्हणाली. "मी साडीला फॉल लावते."

मी काम चोख करतो. आपल्याच वावरातला झेंडू, दोन हजार चारशे फुलं, मोजून. एकही किडकं नाही. आणि देवळासाठी खुडतो तसं प्रत्येक फूल अगदी गळ्याशी खुडलेलं! दोन ओली पोती बांधून आम्ही बसनं जालना गाठलं.

बंगल्यात अकरा उंच फुलदाण्या ओळीनं उभ्या होत्या. खानसामे रशीदभाई म्हणाले, "भाभी, सब तयार है. मेहमान पाँच बजे आ रहे."

सुनंदानं पोत्यात हात घातला. मग कोपरापर्यंत घातला.

"देठ कुठंय?"

"देवाला देठ चालत न्हाई."

"इथं कोणता देव बसलाय? आता फुलदाणीत काय गव्हावानी ओतू?"

मग तीच सावरून रशीदभाईंना म्हणाली, "सुई-दोरा आणा जल्दी. हार करून दारं सजवते."

"दारं नऊ. एका हाराला वीस मिनिटं. तीन तास लागतील आणि आपल्याकडं अडीचच हायत," मी म्हणालो. (हिशोब बरोबर होता. तेच वाईट झालं.)

मग मी अंगणातले दोन खराटे सोडले. अकरा फुलदाण्या, प्रत्येकीत तीस, म्हणजे तीनशे तीस काड्या. काडीच्या टोकाला एकेक फूल खोचत गेलो. पण पोत्यात पाणी पिऊन झेंडू जड झालेला. चारला पहिली काडी वाकली. साडेचारला तीनशे तीस फुलं माना टाकून टेबलाकडं बघत होती!

"भाईसाब," रशीदभाई हळूच म्हणाले, "ये फूल तो रो रहे."

तेवढ्यात बाईसाहेब आल्या. फुलदाण्यांकडं बघितलं, सुटलेल्या खराट्यांकडं बघितलं. कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "सगळ्यांत बराबर तीस-तीस आहेत, मॅडम."

"राहू द्या, ताई," त्या सुनंदाला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. कपाटातून प्लास्टिकचे गुलाब निघाले. त्यांना देठ होते.

सुनंदानं आमची फुलं ओंजळी-ओंजळीनं पोत्यात परत भरली. मला हात लावू दिला नाही.

भोकरदनच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, डोळ्याला पदर लावून. पायाशी झेंडूची पोती. समोरच्या म्हातारीनं पोती बघितली, हिचे डोळे बघितले आणि माझ्याकडं वाकून विचारलं, "कोण गेलं, बाबा?"

"अजून कुणी न्हाई, मावशी," मी म्हणालो. "घरी पोचायला दीड तास हाय."