अप्पांची कड्यावरची रेल्वे

लातूरकडच्या मुरुडच्या पेठेत चन्नबसप्पांचं पत्र्याच्या सामानाचं दुकान आहे. बादल्या, कोठ्या, पिपं. पाऊस चांगला झाला की अप्पा सुतकात असल्यासारखे बसतात आणि दुष्काळ पडला की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं, कारण पिपं खपतात. लातूर जिल्हा वेगळा होऊन वर्ष होत आलं तेव्हा पावसाचा पत्ता नव्हता, आणि अप्पा असे काही तेजाळले होते की त्यांना विचार सुचायला लागले. अप्पांचे विचार मुरुडला आजवर कधी मानवलेले नाहीत.

हा विचार एका जुन्या कॅलेंडरातून निघाला. परदेशातला उभा कडा, त्याच्यावर रूळ, रुळांवर दोन डबे. दोन्ही डबे एकाच दोराच्या दोन टोकांना, दोर वर चाकावरून गेलेला. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो. खाली आला की पाणी सोडून द्यायचं. इंजिन नाही, कोळसा नाही. नव्या जिल्ह्याचं लातुरात प्रदर्शन भरणार होतं. तिथे आपण या रेल्वेचं मॉडेल मांडणार आणि मोठे साहेब ते चालताना बघणार, असं अप्पांनी भर पेठेत जाहीर केलं. अर्धं मुरुड टँकरमागे धावत असताना हा माणूस पाणी पिणारी रेल्वे बांधायला निघाला होता.

त्यांचे मेहुणे गुरुबसप्पा तेवढं ऐकून पोट धरून हसले आणि मग रोज दुकानासमोर येऊन विचारू लागले, "दाजी, गाडी किती वाजता हाय?" मॉडेल चाललं नाही तर हा प्रश्न जन्मभर ऐकावा लागेल, हे अप्पांना पक्कं कळलं होतं.

मुरुड तव्यासारखं सपाट. कडा आणायचा कुठून? अप्पा एकदा इस्लापूरला सहस्रकुंडाचा धबधबा बघून आले होते, तोच कडा त्यांनी घेतला. बांबू, गोणपाट आणि सिमेंट थापून माणसाएवढा उभा केला. प्रमाण म्हणे फुटाला इंच. डबे वनस्पती तुपाच्या डब्यांचे. वरचं चाक मात्र स्वतःच्या आडाची कप्पी, आड कोरडाच पडला होता म्हणून. प्रमाणाने बघितलं तर ती कप्पी जत्रेतल्या पाळण्याएवढी होत होती. मी त्यांच्या शेजारचा, तसं म्हणालो तर अप्पांनी मला कॉलेजात हेच शिकवतात का म्हणून विचारलं.

पाण्याचा प्रश्न त्यांनी अंघोळीवर सोडवला. त्या वर्षी सगळेच बाजेवर बसून, खाली घमेलं ठेवून अंघोळ करत. ते पाणी म्हशीला किंवा भांड्यांना. अप्पांच्या घरी ते रेल्वेला. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी अंघोळ विचारत. अप्पांच्या बायको शिवकांताकाकू म्हणाल्या, "लेकरासारखं खेळून राहिले. म्हशीनं काय प्यावं?" पण गाडी घरी चालली. साबणाचा फेस काढत का होईना, खाली आली आणि वर गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी कडा आणि अंघोळीच्या पाण्याचं पीप टेम्पोत घालून आम्ही लातूर गाठलं. मी गेलो कारण लातूरला फुकट जायला मिळत होतं. मैदानावर अप्पा रूळ पुसत बसले आणि पीप मांडवाच्या तोंडाशी राहिलं. पिपाला तोटी होती. दुष्काळात तोटीचं पीप उघड्यावर ठेवू नये, एवढं पिपं विकणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. शेजारच्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन आल्या, रांग लागली, आणि अप्पांचं लक्ष जाईपर्यंत पीप रिकामं होऊन तोटी थेंब थेंब गळत होती.

अप्पा धावले. अंघोळीचं पाणी आहे म्हणून गयावया केली. सगळ्यांत पुढे विठाबाई म्हणून एक होत्या, त्यांनी घागर हुंगली आणि म्हणाल्या, "हाव, दिसतंय की. भांडे तर निघतील."

त्याच वेळी साहेब आले. चालवा म्हणाले. अप्पा म्हणाले, पाणी संपलं. साहेबांनी पाण्यावरची रेल्वे, ती पण याच साली, असं म्हणून हा कडा आपल्या जिल्ह्यात कुठे येतो ते विचारलं. सहस्रकुंड नांदेड जिल्ह्यात आहे, ही गोष्ट चन्नबसप्पांना त्या क्षणापर्यंत महत्त्वाची वाटली नव्हती. साहेब पुढे गोबरगॅसकडे गेले.

अप्पा कड्याशेजारी उकिडवे बसले. गुरुबसप्पांना काय सांगायचं, एवढंच ते मला विचारत होते, आणि मला हसू आवरत नव्हतं.

विठाबाई गेल्या नव्हत्या. त्यांनी डब्यातल्या पाण्याचं खाली काय होतं ते विचारलं. अप्पा म्हणाले, सोडून देतो. "मातीत?" बाईंनी अप्पांकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरकलो. मग त्यांनी घागरीतलं पाणी वरच्या डब्यात ओतलं आणि रिकामी घागर खाली रुळाच्या टोकाशी लावून ठेवली. "आता सोडा."

डबा कुरकुरत निघाला, खाली आला, दुसरा वर गेला. बूच काढलं तसं पाणी परत घागरीत. मागच्या बाईने लगेच आपली घागर पुढे केली, मलाही बघायचंय म्हणून. मग तिच्या मागची. भांड्यांचं पाणी रेल्वेतून उतरवून घरी न्यायचं, अशी त्या गल्लीत टूमच निघाली. अप्पा घामाघूम होऊन बूच काढत होते, लावत होते आणि "डब्याला हात लावू नका" म्हणून बायकांवर ओरडत होते.

इतक्यात एक शिपाई सांगायला आला: साहेबांसोबत सगळ्यांचा फोटो आहे, मंचावर चला. ज्या साहेबांसाठी म्हशीला तहानलेली ठेवली, ते साहेब बोलवत होते. अप्पांनी मानही वळवली नाही.

"थांबा म्हणावं," ते म्हणाले. "इथं लाइन लागली हाय."