हरपाबाईंचा आराम

मुसाफिर बंगल्यात पाहुणे काय काय विसरून जातात! छत्र्या, चष्मे, एक वकीलसाहेब तर एकदा एकच बूट विसरून गेले. या वस्तू न्यायला मागून कोणीतरी येतं. किस्से न्यायला मात्र कोणी येत नाही, ते तिथंच साचत जातात. निजामाच्या राज्यात, हिंगोलीहून औंढ्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बंगल्याची व्यवस्था बरीच वर्षं माझ्याकडे होती. त्यामुळे साठा मोठा आहे. आज एकाच पाहुणीचे सांगतो.

नाव मिस हार्पर. वय पन्नाशीकडे झुकलेलं. विलायतेत शाळेत शिकवायच्या. हिंदुस्थान बघायला एकट्याच निघाल्या, आणि फिरता फिरता त्यांची झोप उडाली ती उडालीच. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, "एखाद्या शांत खेड्यात जाऊन राहा आणि काहीही करू नका." कोणीतरी आमचा बंगला सुचवला. सुचवणाऱ्यानं आमचं गाव पाहिलेलं नव्हतं, हे उघड आहे.

बंगल्यावर आम्ही तिघंच. खानसामा करीमभाई, माळी मारोती आणि मी. मारोतीची बायको सीताबाई झाडलोट करायची. मला थोडं इंग्रजी येत होतं, म्हणून दुभाष्याचं कामही माझ्याचकडे. मारोतीच्या तोंडी 'हार्पर' बसेना. पहिल्याच दिवशी त्यांची हरपाबाई झाली!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हरपाबाई लिंबाखाली आरामखुर्चीत पडल्या. अर्ध्या तासात गावातल्या बाया गोळा झाल्या. धडधाकट बाईमाणूस दिवसाढवळ्या पडून आहे म्हणजे काहीतरी मोठंच दुखणं असणार! सगळ्यांच्या पुढं मारोतीची म्हातारी आई.

"काय दुखून राह्यलं तिचं?" म्हातारीनं मला विचारलं.

"काही नाही. आराम करताहेत."

"आराम? काहून? काय काम केलं?"

"फार फिरल्या, म्हणून थकल्या."

"मंग फिरली काहून?"

हा प्रश्न मी इंग्रजीत सांगितला. हरपाबाई विचार करून म्हणाल्या, "याचं उत्तर मला माहीत नाही."

"गाव कोन्तं तिचं?"

"विलायत."

"शिरड शहापूरच्या पल्याड का?"

"बरंच पल्याड."

"अगं माय! मंग पाय दुखत असतीलच की!" असं म्हणून म्हातारी खाली बसली आणि सरळ त्यांचे पाय दाबायला लागली. हरपाबाईंनी लाजून डोळे मिटून घेतले. दुपारच्या जेवणाला आम्हाला त्यांना हलवून उठवावं लागलं!

*

करीमभाईंनी उमेदीची सारी वर्षं गोऱ्या साहेबांच्या स्वयंपाकात घातलेली. सूप, कटलेट, पुडिंग यापलीकडे गोरा माणूस काही खातो, हे त्यांना मान्य नव्हतं. चार दिवसांनी हरपाबाई म्हणाल्या, "इथले लोक खातात ते मला द्या."

करीमभाईंचा चेहरा उतरला. "साब, मेमसाब को पिठलं-भाकर? मेरी इज्जत का क्या?"

मी बरीच समजूत घातली. त्यांनी रात्रभर विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी टेबलावर पांढरी चादर, काटे-चमचे, नीट घडी केलेला नॅपकिन. भाकरीचे त्रिकोणी तुकडे टोस्टच्या तारेच्या स्टँडमध्ये ओळीनं उभे! झाकणाच्या भांड्यात पिठलं. करीमभाई अदबीनं वाकले आणि म्हणाले, "ग्राम सूप, मॅडम. विथ ज्वारी टोस्ट."

हरभऱ्याच्या पिठाचं ते सूप हरपाबाईंनी तीनदा मागून घेतलं. करीमभाईंची इज्जत वाचली.

*

गोरी मेमसाहेब आरामाला आली आहे, ही बातमी ठाण्यावर पोहोचली. कोणाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, शांतता राखायला एक शिपाई पाठवला. मोठ्या मिशांचा, दणदणीत आवाजाचा. रस्त्यावरून बैलगाडी जाताना दिसली की हा फाटकातून ओरडायचा, "खामोश! मेमसाब आराम फर्मा रही हैं!"

बैलगाडीवाल्याला ऐकू जायचं नाही. मग हा आणखी मोठ्यानं ओरडायचा!

पहिला दिवस हरपाबाईंनी सोसला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "त्यांना जायला सांगा."

मी सांगितलं. शिपाई म्हणाला, "ऊपर से हुकूम आहे. शांतता झाल्याशिवाय हलता येत न्हाई."

मग हरपाबाईंनी स्वतः दुसरी आरामखुर्ची आणून लिंबाखाली मांडली आणि त्याला हातानं खूण केली. तो अवघडून टेकला. थोड्या वेळानं घोरायला लागला. त्याचं घोरणं आमच्या गोठ्यापर्यंत ऐकू येत होतं. मी उठवायला निघालो, तर हरपाबाईंनी मला थांबवलं. "असू द्या," त्या म्हणाल्या. "हे त्यापेक्षा बरं आहे."

*

जवळच्या लमाणी तांड्यावरच्या बाया सरपण घेऊन यायच्या. हरपाबाईंना त्यांच्या आरशांच्या घागऱ्यांचं फार वेड. एक दिवस त्या बायांनी हौसेनं त्यांना घागरा, काचोळी, ओढणी, कोपरापर्यंत बांगड्या, असं सगळं चढवलं. उन्हानं हरपाबाई रापल्याही होत्या चांगल्या.

नेमके त्याच दिवशी एक मोठे अंमलदार न कळवता तपासणीला आले. व्हरांड्यात बसले, घाम पुसला, आणि समोर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या हरपाबाईंना म्हणाले, "ए बाई, पानी ला!"

हरपाबाई आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. अंमलदारांनी वर न बघताच पेला घेतला. तेवढ्यात हरपाबाईंनी शुद्ध इंग्रजीत विचारलं, "चहाही घेणार का आपण?"

अंमलदार उरलेलं पाणी उभं राहून प्याले. तपासणी काही त्या दिवशी झाली नाही.

*

जायच्या दिवशी हिंगोली स्टेशनला न्यायला गाडी जुंपली. सीताबाई नारळ, तांदूळ, खण घेऊन आली. माहेरवाशीण रिकामी कशी धाडायची? पण बायांत कुजबुज सुरू झाली. ओटी भरायची, पण बाईचं लग्न झालंय का? नवरा आहे का?

मला विचारावं लागलं. मी शब्द जुळवत विचारलं.

हरपाबाई शांतपणे म्हणाल्या, "लग्न ठरलं होतं. मागच्या मोठ्या लढाईवर ते गेले. नंतर सापडले नाहीत."

मी बायांना सांगितलं. सीताबाईचा हात थांबला. कोणी खाली बघायला लागली, कोणी म्हणाली नुसतं कुंकू लावू, कोणी म्हणाली तेही नको. म्हातारी स्वतः विधवा, म्हणून लांब उभी होती. ती तिथूनच कडाडली,

"सापडला न्हाई, एवढंच म्हणली ना ती? मंग मेला म्हनून कुनी सांगितलं? भर गं वटी!"

"काय म्हणाल्या त्या?" हरपाबाईंनी विचारलं.

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं.

सीताबाई ओंजळ भरून पुढं आली आणि अडली. "अगं बाई, हिला पदर कुठंय?"

हरपाबाईंनी डोक्यावरची हॅट काढली, उलटी केली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली.

सीताबाईनं तीत तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला.

गाडी निघाली. चैताचं ऊन रणरणत होतं. मी शेजारी बसलो होतो. हरपाबाई उघड्या डोक्यानं, मांडीवर हॅट धरून ताठ बसलेल्या. चेहरा लाललाल झालेला.

मी म्हणालो, "मॅडम, स्टेशन लांब आहे. नारळ माझ्याकडे द्या, हॅट डोक्यावर घाला."

"नको," त्या म्हणाल्या. "भरलेली आहे ती."